खातेवही आधी, यंत्र नंतर



या वेळी मोखाड्याच्या एका वाचकबंधूंच्या पत्राला सविस्तर उत्तर देत आहे. पत्र एका दुकानाचे असले, तरी त्यातील अडचण आज गावोगावच्या पेढ्यांवर उभी आहे.

पत्राचा आशय असा. दुकान किराण्याचे आणि बियाण्यांचे. गल्ल्याजवळचा संगणक २०१३ साली घेतलेला. इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, म्हणून घरातील तरुणाने विंडोज ११ बसवून पाहिली. यंत्र पात्र नाही, असा संदेश आला. मग विंडोज १० हीच नव्याने बसवावी, असे ठरले. पेनड्राइव्हवरून काम सुरू केले, तर डिस्कवर एमबीआर पद्धतीचा तक्ता असल्याने येथे प्रणाली बसवता येत नाही, असे उत्तर मिळाले. सुरुवातीच्या सेटिंगमध्ये काही बदल केल्यावर गाडी पुढे सरकली. परंतु फाइली उतरताना, आवश्यक फाइल सापडत नाही अथवा ती खराब आहे, एवढे सांगून निम्म्या वाटेत थांबली. तीन वेळा हेच घडले. आता डिस्कचा 'सी' विभाग पुसला गेला असून संगणक सुरूच होत नाही. टॅलीमधील बारा वर्षांचे हिशेब 'डी' विभागात आहेत आणि त्यांची नक्कल कोठेही नाही. तंत्रज्ञाने दोन मार्ग सुचवले आहेत : संपूर्ण डिस्क पुसून नव्याने विभाग पाडावेत, किंवा हा संगणक भंगारात काढून नवा घ्यावा. यांपैकी कोणता मार्ग धरावा, अशी विचारणा आहे.

माझे उत्तर असे की, आज यांपैकी एकही नको. संगणक बंद करावा, वीजजोडणी काढावी आणि त्या डिस्कवर नवे काहीही लिहिले जाणार नाही, याची खबरदारी घ्यावी. बंद पडलेले यंत्र दुरुस्त होते. न झाले तर विकत मिळते. बारा वर्षांचा हिशेब कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही.

त्या डिस्कवर काय आहे?

मोखाडा-जव्हारच्या डोंगराळ मुलखात पावसाळा म्हणजे भात, नागली आणि वरईच्या लावणीचे दिवस. घरातले धान्य सरत आलेले असते, हाती रोकड नसते; मीठ, तेल, बियाणे उधारीवर जाते. दिवाळीनंतर अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीसाठी भिवंडी, वसई, ठाणे, नाशिककडे स्थलांतर करतात आणि होळीला किंवा पावसाच्या तोंडाशी परततात, तेव्हा बाकी फिटते. काही वेळा उलटेही घडते. हाती आलेली रक्कम गिऱ्हाईक विश्वासाने दुकानदाराकडेच जमा ठेवतो. या देण्याघेण्याची लेखी नोंद बहुधा एकाच ठिकाणी असते, ती म्हणजे दुकानदाराच्या वहीत. वही संगणकात गेली असेल, तर ती नोंद त्या एका डिस्कवर असते.

या परिसराला खोट्या हिशेबाची कटू स्मृतीही आहे. १९४५ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील वारल्यांनी वेठबिगार आणि लग्नगडी या प्रथांविरुद्ध लढा उभारला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी माणूस वर्षानुवर्षे राबत राही, आणि किती फिटले व किती उरले हे ठरवणारी लेखणी त्याच्या हाती नसे. अशा मुलखात दुकानदाराची अचूक वही हा त्याच्या प्रामाणिकपणाचा पुरावा असतो.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांतील दोन थेट खातेवहीशी संबंधित आहेत. एक कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख तयार करणे. दुसरा न्यासापहार. टीकाकारांनी याचा अर्थ फार सूक्ष्मपणे उलगडला आहे : ठेव ठेवणाऱ्याला आपली रक्कम नीट आठवली नाही आणि त्याने कमी मागितली, तर 'बरोबर आहे' म्हणून तेवढीच परत करणे हाही न्यासापहारच. यंत्र बंद पडणे हा कोणाचा दोष नव्हे. पण खाते नाहीसे झाल्यावर आठवणीने बाकी लिहिली, तर आपण अंदाजाला सत्याचे रूप देत असतो. आणि गिऱ्हाइकाची जमा रक्कम आपल्यालाही आठवली नाही, तर ती त्याच्या विस्मरणाबरोबरच बुडते. म्हणून 'डी' विभाग वाचवणे हा येथे पहिला धर्म आहे.

प्रथम नक्कल

नक्कल काढण्याचे दोन सुरक्षित मार्ग आहेत. पहिला मार्ग : हार्ड डिस्क बाहेर काढून साटा-यूएसबी केबलने दुसऱ्या चालू संगणकाला जोडावी. जोडल्यावर 'डिस्क फॉरमॅट करायची आहे का?' असा प्रश्न आला, तर 'नाही' म्हणावे. दुसरा मार्ग : लिनक्स मिंट किंवा उबुंटूसारखी मुक्त प्रणाली दुसऱ्या संगणकावर पेनड्राइव्हमध्ये तयार करून घ्यावी आणि त्या पेनड्राइव्हवरून हा संगणक सुरू करावा. डिस्कवर काहीही न बसवता, केवळ वापरून पाहण्याचा पर्याय त्यात असतो. तो निवडला की जुन्या डिस्कवरील फाइली दिसतात आणि बाहेरच्या दुसऱ्या डिस्कवर उतरवता येतात.

टॅलीची माहिती 'डेटा' नावाच्या फोल्डरमध्ये असते; त्यात प्रत्येक कंपनीसाठी केवळ अंकांचे नाव असलेला वेगळा फोल्डर असतो. तो संपूर्ण फोल्डर उचलावा, त्यातील निवडक फाइली नव्हे. सोबत बिले, विवरणपत्रे, पत्रव्यवहार आणि घरची छायाचित्रेही घ्यावीत. नंतर ही नक्कल दुसऱ्या संगणकावरील टॅलीत प्रत्यक्ष उघडावी, शेवटच्या दिवसाची रोकड शिल्लक आणि चार-पाच गिऱ्हाइकांची बाकी डोळ्यांनी पाहावी. उघडून पाहिली नाही, तोवर नक्कल झाली असे समजू नये.

डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, किंवा एकेक फाइल उतरायला कित्येक मिनिटे लागत असतील, तर तेथेच थांबावे आणि डिस्क माहिती-पुनर्प्राप्तीचे काम करणाऱ्या जाणत्या व्यक्तीकडे सोपवावी. आजारी डिस्क चालू ठेवल्याचा प्रत्येक तास तिचे आयुष्य कमी करतो.

संदेश म्हणजे निदान नव्हे

अनेकान्त आपल्याला शिकवतो की एका बाजूने केलेले विधान त्या बाजूपुरते खरे असते. संपूर्ण वस्तू त्यात सामावत नाही. पडद्यावरचे संदेश याच दृष्टीने वाचावेत. यंत्र आपल्याला जेवढे दिसले तेवढे सांगते. कारण शोधण्याचे काम आपले आहे. या प्रकरणातील तीन संदेश तीन वेगळ्या गोष्टी सांगतात, आणि त्यांना एकच आजार समजल्यामुळे गोंधळ वाढला आहे.

पहिला संदेश अपात्रतेचा. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप, सिक्युअर बूटची क्षमता असलेली यूईएफआय व्यवस्था, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते. २०१३ चा संगणक त्यात बसत नाही. हा बिघाडच नव्हे, त्यामुळे त्यावर दुरुस्तीही नाही. ही तपासणी चुकवून प्रणाली बसवण्याच्या युक्त्या प्रचलित आहेत. पण अशा यंत्राला पुढील अद्यतने मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या यंत्रावर लोकांचे हिशेब ठेवायचे, तेथे हा प्रयोग करू नये.

दुसरा संदेश एमबीआर तक्त्याचा. हार्ड डिस्कवर कोणता विभाग कोठे सुरू होतो, याची एक अनुक्रमणिका असते. ती लिहिण्याच्या दोन रीती आहेत : जुनी एमबीआर आणि नवी जीपीटी. संगणक सुरू करणारी व्यवस्थाही दोन प्रकारची, जुनी बायोस आणि नवी यूईएफआय. पेनड्राइव्ह यूईएफआय पद्धतीने सुरू केला आणि डिस्क एमबीआर असेल, तर विंडोज बसायला नकार देते. त्या काळच्या पुष्कळ संगणकांत बूट मेनू उघडला की एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो. एका नोंदीपुढे 'यूईएफआय' असे लिहिलेले असते, दुसरीपुढे नसते. दुसरी नोंद निवडली की जुनी डिस्क आहे तशी स्वीकारली जाते. घरातील तरुणाने केलेल्या बदलाने बहुधा हेच साधले असावे.

तंत्रज्ञाने सुचवलेला डिस्क पुसण्याचा उपाय या दुसऱ्या संदेशावर लागू पडतो, हे खरे. पण त्यासाठी वापरली जाणारी 'क्लीन' ही आज्ञा एका विभागापुरती थांबत नाही. ती संपूर्ण डिस्कची अनुक्रमणिका उडवते. 'सी' बरोबर 'डी'ही जातो. दार अडकले म्हणून घर पाडण्यासारखे ते झाले असते.

तिसरा संदेश, खराब वा न सापडणाऱ्या फाइलीचा, हाच खरा बिघाड आहे. येथे संशयित चार : डाउनलोड केलेली मूळ फाइल, पेनड्राइव्ह, रॅम आणि हार्ड डिस्क. तपासणीचा नियम एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलले, काय घडले, हे तारखेसह कागदावर लिहावे. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि काम झाले, तरी कारण कळत नाही. आणि कारण न कळलेला बिघाड पुन्हा येतो. आणखी एक खूण लक्षात ठेवावी. काम दर वेळी त्याच टप्प्यावर थांबत असेल, तर सहसा मूळ फाइल किंवा पेनड्राइव्ह सदोष असतो. दर वेळी वेगळ्या टप्प्यावर थांबत असेल, तर रॅम किंवा वीजपुरवठ्याकडे पाहावे.

सर्वांत स्वस्त तपासणी आधी. विंडोजची मूळ फाइल काही जीबींची असते. डोंगरात मोबाइलच्या तुटक जोडणीवर ती अर्धवट किंवा सदोष उतरण्याची शक्यता मोठी. म्हणून नाशिकला किंवा जेथे जोडणी स्थिर असेल तेथे ती मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साधनानेच घ्यावी आणि पेनड्राइव्हही त्याच साधनाने तयार करावा. फाइली हाताने पेनड्राइव्हवर टाकू नयेत; एफएटी-३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, आणि प्रणालीची मुख्य फाइल अनेकदा त्याहून मोठी असते. पेनड्राइव्ह बदलून पाहावा, आणि तो संगणकाच्या मागील बाजूच्या खाचेत थेट लावावा.

त्यानंतर रॅम. मेमटेस्ट-८६ प्लस हे विनामूल्य साधन पेनड्राइव्हवरून चालते. ते रात्रभर चालू द्यावे. एकही चूक दिसली, तरी रॅम सदोष समजावी. दोन पट्ट्या असतील, तर एकेक लावून वेगवेगळी तपासावी. पावसाळी दमट हवेत पट्टीच्या सोनेरी टोकांवर थर जमतो. वीज पूर्ण काढून, पट्टी बाहेर घेऊन ती टोके हलक्या हाताने पुसून पुन्हा घट्ट बसवल्यावर दोष नाहीसा झाल्याचीही उदाहरणे असतात.

मग हार्ड डिस्क. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. लिनक्स मिंटमधील डिस्क पाहण्याच्या साधनात ती वाचता येते. वाचता न आलेले आणि प्रलंबित असलेले भाग त्यात शून्याहून अधिक दिसत असतील व वाढत असतील, तर त्या डिस्कवर नवी प्रणाली बसवू नये. डिस्कची केबलही बदलून पाहावी. तिचा खर्च किरकोळ आणि तिच्यामुळे होणारा मनस्ताप मोठा असतो.

शेवटी मदरबोर्डवरील नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी. बारा-तेरा वर्षांच्या यंत्रात ती बदललेली नसेल, तर वीज गेली की घड्याळ मागे जाते आणि आपण केलेली सेटिंग मूळपदावर येते. काल चाललेली जुळणी आज का चालत नाही, याचे उत्तर पुष्कळदा या एका नाण्यात असते. घड्याळ चुकले की बिलांवरची तारीखही चुकते, आणि सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. ज्या गावी वीज वारंवार जाते, तेथे हे सारे काम यूपीएस जोडूनच करावे. प्रणाली बसत असताना गेलेली वीज स्वतःच एक पाचवा संशयित होऊन बसते.

पुन्हा उभारणी

रॅम आणि मदरबोर्ड निर्दोष ठरले, तर माझा सल्ला असा. जुनी डिस्क पुन्हा वापरूच नये. २५६ जीबीची नवी एसएसडी घ्यावी, प्रणाली बसवताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवावी, आणि नव्या एसएसडीवरच काम करावे. जोडलेलीच नाही, ती डिस्क चुकूनही पुसली जात नाही. काम पुरे झाल्यावर जुन्या डिस्कवर तारीख लिहून ती कोरड्या जागी कपाटात ठेवावी. रॅम ८ जीबी केली, तर तेरा वर्षांचे यंत्रही हिशेबाच्या कामाला पुरेसे चपळ होते.

प्रणाली कोणती? टॅली विंडोजसाठी बनलेली आहे, म्हणून तूर्त विंडोज १० बसवून मायक्रोसॉफ्टच्या विस्तारित सुरक्षा-अद्यतनांची नोंदणी करावी. घरगुती वापराच्या संगणकांसाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत. हा पूल आहे, मुक्काम नव्हे. तोवर नव्या यंत्राची तरतूद करावी. त्यानंतर जुने यंत्र लिनक्स मिंट किंवा सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही भारतीय प्रणाली घालून मुलांच्या अभ्यासाला आणि पत्रलेखनाला देता येईल.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. बाजारात कुलूप तोडलेली विंडोज आणि टॅली सहज मिळते. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत तदाहृतादान, म्हणजे चोरून आणलेली वस्तू घेणे, आणि प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे नकली वस्तूचा व्यवहार, हे दोन्ही सांगितले आहेत. व्यवहाराच्या दृष्टीनेही अशा फाइलींत कोणी काय मिसळले आहे, हे कळत नाही. टॅलीचा परवाना संगणकाशी जोडलेला असतो. म्हणून यंत्र बदलण्यापूर्वी, ते चालू असतानाच, परवाना 'सरेंडर' करावा. येथे ती वेळ निघून गेली आहे, तेव्हा टॅलीच्या अधिकृत विक्रेत्यामार्फत तो पुन्हा कार्यान्वित करून घ्यावा.

जुने यंत्र टाकण्याची वेळ आलीच, तर ते उकिरड्यावर किंवा ओढ्याकाठी जाऊ नये. त्यातील शिसे आणि अन्य विषारी द्रव्ये माती-पाण्यातील जीवांपर्यंत पोहोचतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच द्यावे. आणि डिस्क देण्यापूर्वी ती पूर्ण पुसावी किंवा तोडावी. कोणाची किती उधारी, ही गिऱ्हाइकाने आपल्यापाशी उघड केलेली खासगी गोष्ट आहे. एकांतातील गोष्ट चव्हाट्यावर आणणे, म्हणजे रहोभ्याख्यान, हाही सत्याणुव्रताचा अतिचारच आहे.

वर्षातले दोन दिवस

नक्कल ठेवणे आता केवळ शहाणपणाचे राहिलेले नाही. जीएसटी-नोंदणीकृत व्यापाऱ्याने हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावीत, असे केंद्रीय जीएसटी कायद्याचे कलम ३६ सांगते. आणि संगणकीय नोंदींची योग्य नक्कल ठेवावी, जेणेकरून अपघातात त्या नष्ट झाल्या तरी वाजवी वेळेत परत उभ्या करता येतील, असे नियम ५७ सांगतो.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. षट्खंडागमावरील धवला टीका शतकानुशतके मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर जतन होती. तिच्या नकला झाल्या, म्हणूनच १९३९ मध्ये डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली तिचा पहिला खंड अमरावतीहून छापून निघू शकला. ग्रंथ एकाच ठिकाणी राहणे आणि ग्रंथ टिकणे, यांत केवढे अंतर आहे, हे त्या परिश्रमांतून कळते.

शास्त्रभांडारांतील पोथ्या बाहेर काढून झटकण्यासाठी, त्यांची वेष्टने बदलण्यासाठी आपल्याकडे दिवस नेमलेले आहेत. दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमी ही श्रुतपंचमी, श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुद्ध पंचमी ही ज्ञानपंचमी, आणि तीच व्यापाऱ्यांची लाभपंचमी. एक पावसाच्या तोंडावर येते, दुसरी पाऊस सरल्यावर. मोखाड्यासारख्या अतिपावसाच्या गावी याहून सोयीचे दोन दिवस सापडणार नाहीत.

दर आठवड्याला हिशेबाची नक्कल एका बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. दुसरी डिस्क गावाबाहेरच्या नातलगांकडे ठेवावी. आणि या दोन्ही पंचमींना प्रत्येक नक्कल उघडून, किमान दहा खात्यांची बाकी मूळ वहीशी ताडून पाहावी. त्या दिवशी ज्या गिऱ्हाइकाची रक्कम आपल्याकडे जमा आहे, त्याला त्याच्या बाकीची छापील चिठ्ठीही द्यावी. म्हणजे एक नक्कल त्याच्याही घरी राहील.